मारलं का, हे वेगळं विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला लैंगिक हत्यांमधल्या गुन्हेगाराच्या हेतूवर प्रबंध लिहायचाय. तिने चाळीसेक निकालपत्रं जमवलीत आणि प्रत्येकासमोर ‘वासना’, ‘राग’, ‘सूड’, ‘पुरावा नष्ट करणे’ असे रकाने आखलेत. आता ती अडलीय, कारण निम्म्या प्रकरणांत दोन-दोन रकान्यांत खूण करावीशी वाटते. यातला खरा हेतू कोणता धरायचा, असं ती विचारते.

दोन्ही धरा. तुमचे रकाने ठीक आहेत, पण प्रश्न एकच धरलाय तिथे घोळ झालाय. हल्ला का केला आणि मारलं का, हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं पुष्कळदा एकमेकांच्या ओळखीचीही नसतात. प्रत्येक निकालपत्राला दोन ओळी द्या, मग निम्मा गुंता आपोआप सुटेल. उरलेला निम्मा सुटणारा नाही. तो का सुटत नाही, ते सांगण्यासाठी हे लांबलचक उत्तर.

माझ्याबद्दल एवढंच की मी मानसशास्त्राची, आणि बावीस वर्षं शिक्षा झालेल्या माणसांशी बोलते आहे. आधी संशोधनासाठी बोलायचे, आता बहुतेक वेळा शिक्षेच्या टप्प्यावर न्यायालयात जाणाऱ्या अहवालांसाठी. बलात्कार आणि खून या दोन्ही कलमांखाली दोषी ठरलेले मोजकेच पुरुष माझ्यासमोर बसलेत. आकडेवारी व्हावी इतके ते नाहीत. पुढे एका गच्चीची हकिगत येईल, ती दोन-तीन प्रकरणं मिसळून आणि ओळखीच्या खुणा पुसून लिहिली आहे. बळींची नावं मी घेत नाही. कायदाही मनाई करतो, आणि मृत व्यक्तीलाही ती मनाई लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना निकालात स्पष्ट केलंय. प्रबंधातही हे पाळा. जुन्या निकालपत्रांत नावं छापलेली असतात म्हणून ती उतरवून घ्यायची नसतात.

आधी शब्द बघू. कायद्यात ‘उद्देश’ आणि ‘हेतू’ एक नाहीत. गळा आवळताना जीव घ्यायचा होता का, हा उद्देश. तो कशासाठी घ्यायचा होता, हा हेतू. खुनाच्या कलमाला उद्देश लागतो, हेतू सिद्ध करायचं बंधन नाही. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार असेल तर न्यायालय हेतूपाशी फारसं रेंगाळत नाही. पण या गुन्ह्यांना साक्षीदार क्वचितच असतो. सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहतो आणि तिथे हेतू ही साखळीतली एक कडी होऊन बसते. शरद बिरदीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अशा पुराव्यासाठी पाच तत्त्वं घालून दिली, ती प्रत्येक बचाव वकिलाला तोंडपाठ असतात. म्हणून साखळीत फट राहू नये यासाठी तपास अधिकारी दोषारोपपत्रात हेतूची ओळ घालतोच. ती तुम्ही चाळीस वेळा वाचली असेल: ‘आपली कामवासना शमवून, सदर कृत्याची वाच्यता होऊ नये व पुरावा नष्ट व्हावा या उद्देशाने...’ ही ओळ निष्कर्ष म्हणून घेऊ नका, ती सवय आहे. पोलीस ठाण्यातल्या रायटरसमोर मागच्या गुन्ह्याची फाइल उघडी असते, तिथून ती उतरते.

मेमोरँडम पंचनाम्याचंही, म्हणजे आरोपीने पोलिसांना जे सांगितलं त्याच्या पंचांसमोरच्या नोंदीचंही, तेच. आरोपी जौनपूरचा असो, गुलबर्ग्याचा असो की मालवणचा, सगळे एकाच सरकारी मराठीत बोलतात: ‘मी माझ्या राजीखुशीने सांगतो की...’ पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. तिच्यातून एखादी वस्तू किंवा जागा मिळाली तर तेवढाच तुकडा येतो. अभ्यासकानेही तोच नियम लावावा. आरोपी काय ‘म्हणाला’ ते सोडा आणि चप्पल कुठे सापडली ते घ्या.

आता पुस्तकी भाग, भरभर. १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने ‘कामवासनेपोटी खून’ असा वर्ग मांडला. खून करण्यातच ज्याचं लैंगिक सुख आहे, असा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. जवळजवळ शंभर वर्षं हाच साचा चालला. मग अमेरिकेच्या एफबीआयने तुरुंगातल्या ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. रेसलर, बर्जेस आणि डग्लस यांचा तो अभ्यास १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातून दोन गोष्टी जगभर गेल्या. एक म्हणजे ‘संघटित’ आणि ‘असंघटित’ गुन्हेगार ही वाटणी, जी आपल्याकडच्या प्रत्येक वेबमालिकेतला पोलीस पाठ म्हणून दाखवतो. दुसरी अधिक कामाची: खून लैंगिक केव्हा म्हणायचा याच्या खुणा. कपड्यांची अवस्था, उघडं ठेवलेलं शरीर, मुद्दाम मांडलेला देह, संभोगाचा पुरावा, पर्यायी लैंगिक कृतीचा किंवा कल्पनाविलासाचा पुरावा वगैरे. यातली एक खूण असली तरी पुरे, अशी ती व्याख्या आहे.

पण ३६ म्हणजे किती? बोलायला तयार झालेले ३६. त्यांत एकाहून अधिक खून केलेले बरेच, आणि स्वतःबद्दल बोलण्याची हौस असलेलेही बरेच. डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शंभर अमेरिकी मालिका-खुन्यांचे गुन्हे तपासले तेव्हा संघटित-असंघटित अशी फाळणी दिसलीच नाही. ‘संघटित’पणाच्या खुणा थोड्याफार सगळ्यांतच होत्या. ही टीका होऊन वीस वर्षं झाली, तरी आपल्याकडच्या वर्गांत ती वाटणी अजून फळ्यावर येते. परीक्षेपुरती लिहा, प्रबंधात नको.

माझ्या कामाला त्याहून उपयोगी पडलं ते मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रोथचं १९७९ चं काम आणि कॅनडातल्या प्रू (Proulx) व बोरगार्ड यांचे अभ्यास. ग्रोथ मुळात बलात्काऱ्यांबद्दल बोलत होता: राग, सत्ता आणि क्रौर्याचं सुख अशा तीन गरजा लैंगिक कृतीच्या वेषात बाहेर येतात, असं त्याचं म्हणणं. कॅनेडियन मंडळी एक पाऊल पुढे गेली. माणसाचा प्रकार ठरवण्याऐवजी त्यांनी गुन्ह्याची वाट बघितली. आदल्या दोन दिवसांत काय झालं, घरातून निघताना काय बरोबर घेतलं, दारू होती का, बळी ओळखीचा होता का, प्रतिकार झाला तेव्हा काय घडलं. त्यांना दोन मुख्य वाटा दिसल्या. एक आखीव, क्रूर कल्पनेतून आलेली, आणि दुसरी रागाची, बिनआखणीची. बलात्कार करून सोडून देणारा आणि मारणारा यांत नेहमी स्वभावाचाच फरक असतो असं नाही. फरक कधीकधी त्या वीस मिनिटांत असतो.

ही वीस मिनिटं मुंबईत कशी असतात, हे पुस्तकात मिळणार नाही. तिकडच्या साहित्यात गाडी असते, महामार्ग असतो, एकटं घर असतं. इथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि भिंतीला भिंत. त्यामुळे एकांत ही मुंबईतल्या गुन्ह्याची सगळ्यात दुर्मीळ सामग्री आहे, आणि तो जिथे मिळतो तिथेच या फाइली उघडतात. गच्ची, पाण्याच्या टाकीमागची जागा, अर्धवट बांधलेली इमारत, बंद गिरणी, खाडीकडची झुडपं, रस्त्याकडेला उभा टेम्पो. साकीनाक्याचा २०२१ चा गुन्हा टेम्पोतच घडला होता. असा एकांत आपल्या परिसरातला कुठला ते ठाऊक असलेला माणूस बहुधा परिसरातलाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वदहून अधिक टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, ते इथे लक्षात ठेवा.

त्याच विभागाचा दुसरा आकडा: २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत देशात बलात्कार किंवा सामूहिक बलात्कारासह खुनाची १,५५१ प्रकरणं नोंदली गेली. २०२२ मध्ये २४८. त्या वर्षी एकूण खून २८,५२२ होते, म्हणजे हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा कमी भरतो, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेच्याही आधी सुरू होतं. पावसाळ्यात दोन दिवस नाल्यात राहिलेल्या देहावर स्वॅबमध्ये काय सापडणार? कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून ‘वीर्य आढळले नाही’ असा अहवाल येतो आणि लैंगिक कलम गळून नुसता खून उरतो. तुमच्या चाळीसांत असे निकाल येणारच नाहीत, कारण तुम्ही ते कलमांवरून शोधलेत.

आता ती गच्ची.

उपनगरातली एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली, सात मजली इमारत. चौथ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी, पाचव्यावर भाड्याने राहणारा सव्वीस वर्षांचा मुलगा, जालन्याकडचा, कुरियरच्या कामावर. निकालपत्रात हेतूची ती ठरावीक ओळ. मी फाइल मागवली ती पंचनाम्यासाठी. त्यात तीन गोष्टी होत्या. गच्चीच्या दाराला गच्चीच्या बाजूने कडी होती, जी रहिवाशांच्या सांगण्यानुसार एरवी कोणी लावत नसे. खालच्या दुकानदाराचा जबाब होता की या मुलाने दोन कुल्फ्या घेतल्या, एक स्वतःला. आणि गळ्याभोवतीची दोरी गच्चीवरचीच, कपडे वाळत घालायची नायलॉनची, तिला दोन प्लॅस्टिकचे चिमटे तसेच अडकलेले.

चिमट्यांपाशी थांबा. कुल्फी सांगते की वर नेण्याची तयारी होती. चिमटे सांगतात की मारण्याची नव्हती. मारायचं ठरवून आलेला माणूस दोरी बरोबर आणतो, निदान चिमटे तरी काढतो. म्हणजे हल्ल्याचा हेतू खालून, दुकानापासून आला होता. मारण्याचा हेतू वर गच्चीवर जन्माला आला. मग मधे काय घडलं? ते शेजारणीच्या जबाबात होतं, सरकारी वकिलाने वेळ पक्की करण्यासाठी वापरलेलं: सव्वासातच्या सुमारास मुलीच्या आईने जिन्यात उभं राहून तिला हाका मारल्या.

तो माझ्याशी पहिल्या भेटीत फक्त खोलीच्या भाड्याबद्दल बोलला. दुसऱ्या भेटीत गुन्ह्याबद्दल बोलला, तेव्हाची वाक्यं माझ्या वहीत अशी आहेत: ‘मी तिला वर नेलं. मी कडी लावली. मी तोंड दाबलं. मग तिच्या आईचा आवाज आला. ती म्हणाली, आईला सांगते. मग ते झालं. मग ती गेली होती.’

मराठीची ही सोय आहे. ‘केलं’ची जागा ‘झालं’ घेतं आणि कर्ता हळूच दाराबाहेर जातो. ‘माझ्या हातून घडलं’, ‘रागात होऊन गेलं’, ‘ती गेली’. मी आता प्रत्येक मुलाखतीत क्रियापदं मोजते. कुठल्या वाक्यापर्यंत ‘मी’ टिकतो आणि कुठे गळतो ते बघते. ज्या कृतीची त्याच्या मनात आधीपासून जागा होती तिथे ‘मी’ बहुधा टिकतो, आणि जिची नव्हती तिथे गळतो. याचा कोणी मोठा अभ्यास केलाय असा माझा दावा नाही, हा माझा हातचा ठोकताळा आहे. पण या मुलाच्या बाबतीत तो चिमट्यांशी जुळला. आधीच्या सगळ्यात ‘मी’ आहे, मारण्यात नाही.

याचा अर्थ त्याला कळलंच नाही, असाही होत नाही. न्यायालयात ‘क्षणिक आवेग’ म्हणून हीच वाक्यं वापरली जातात आणि मला त्याची चीड येते. मी त्याला विचारलं, दोरी बांधलेली होती, ती कोणी सोडली? तो म्हणाला, ‘सुटली.’ चौथ्या भेटीत मी काहीच विचारलं नव्हतं. तो स्वतःहून म्हणाला, ‘गाठ घट्ट होती. दातानं सोडली.’ दाताने गाठ सोडवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे क्षण नव्हे. तेवढ्या वेळात खालून अजून हाका येत होत्या.

नंतर तो खाली आला आणि मोबाइलचा टॉर्च लावून रात्री अकरापर्यंत शोधणाऱ्यांबरोबर फिरला. वर्तमानपत्रांनी याला ‘थंड डोक्याचा’ म्हटलं. मला तो भेदरलेला वाटतो. न फिरणारा एकटाच उठून दिसला असता.

मी विचारलं, पोलिसांची भीती वाटली होती का? त्याला प्रश्नच कळला नाही. ‘पोलीस कशाला? तिच्या आईला मी वहिनी म्हणायचो. त्यांच्याकडे माझ्या आईचा नंबर होता.’ म्हणजे ‘पुरावा नष्ट करणे’ हा तुमचा रकाना बरोबर आहे, पण पुरावा कोणापासून लपवायचा होता? न्यायालयापासून नाही. जालन्याजवळच्या एका घरातल्या बाईपासून. बलात्काराला फाशी ठेवली तर गुन्हेगार बळीला जिवंत सोडणार नाही, असा युक्तिवाद नेहमी होतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. मीही फाशीच्या बाजूची नाही. पण माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कोणी कलमं मनात तोलून मारलं, असं मला एकदाही ऐकायला मिळालेलं नाही. त्यांना शिक्षेपेक्षा ओळखीचे डोळे भेडसावत होते.

हा प्रकार, म्हणजे ओळखीच्या माणसाने तोंड बंद करण्यासाठी केलेला खून, माझ्या अनुभवात सर्वाधिक आहे. पाश्चात्त्य वर्गीकरणांत तो ‘साधनभूत’ हत्या म्हणून एका कोपऱ्यात असतो, कारण मानसशास्त्राला त्यात फारसं नाट्य दिसत नाही.

रागाची वाट वेगळी. इथे मारणं नंतर सुचत नाही. मारणं हाच गाभा असतो आणि लैंगिक कृती हा अपमानाचा भाग. नकार दिलेली मुलगी, तक्रार करणारी वरिष्ठ, उधारी मागणारी शेजारीण. आपली वर्तमानपत्रं यातल्या बऱ्याच गोष्टी ‘एकतर्फी प्रेमातून’ या मथळ्याखाली घालतात. या शब्दाइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलं नसेल, कारण तो हेतू सांगण्याऐवजी सजवतो. जो माणूस आठ महिने एखादीचा पाठलाग करतो त्याच्या डायरीत प्रेमापेक्षा हिशेब जास्त असतो: ती केव्हा हसली, कोणासमोर बोलली, मला काय म्हणाली.

१९७३ मध्ये परळच्या केईएममध्ये एका परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, ते प्रकरण इथे आठवतं. ती वाचली, पण बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून राहिली आणि २०१५ मध्ये गेली, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ही हत्या नाही. कामावरून ती त्याला बोलली होती, वर तक्रार करणार होती, असं तेव्हापासून सांगितलं जातं. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला होता. पण शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचार आरोपांत आलाच नाही. त्या काळचा संशोधक निव्वळ कलमांवरून नमुना गोळा करत असता तर हे प्रकरण ‘चोरी’च्या गठ्ठ्यात गेलं असतं. तुमची चाळीस निकालपत्रं पुन्हा बघा म्हणते ते यासाठी.

तिसरी वाट, जिच्यासाठी लोक हा विषय निवडतात, ती क्रौर्यातल्या सुखाची. बळीच्या यातना हेच ज्याचं उत्तेजन, असा माणूस. आहेत असे, पण थोडे. त्यांची ओळख जखमांच्या संख्येवरून होत नाही. बरोबर आणलेलं सामान, बळीला जिवंत ठेवून घालवलेला वेळ, जपून ठेवलेली एखादी वस्तू, आधीच्या वर्षांतल्या छोट्या ‘तालमी’ यांतून ती होते. भरमसाट वार म्हणजे पुष्कळदा राग असतो किंवा घाबरलेला नवखा हात. सुखासाठी मारणाऱ्याला घाई नसते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. कामाच्या चौथ्या वर्षी एका फाइलवर मी मत लिहिलं: चेहऱ्यावरच्या विशिष्ट इजांवरून क्रौर्यसुखाची प्रवृत्ती दिसते. छायाचित्रं बघून लिहिलं होतं, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशी बोलले नव्हते. ते नंतर भेटले तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, ते उंदीर आहेत.’ देह गटाराजवळ रात्रभर पडला होता. त्या इजांच्या कडेला रक्तस्राव नव्हता, म्हणजे त्या मृत्यूनंतरच्या. अहवालातल्या एका ओळीत ते इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि मी ती ओळ ओलांडून पुढे गेले होते. माझं मत सुदैवाने न्यायालयात पोचलं नव्हतं. तेव्हापासून मृत्यूपूर्व इजा कोणत्या आणि नंतरच्या कोणत्या, हे डॉक्टरांकडून तोंडी ऐकल्याशिवाय मी हेतूवर एक अक्षर लिहीत नाही. तुम्हीही न्यायवैद्यक विभागात एक महिना बसा. नायरला, जेजेला, कूपरला, जिथे परवानगी मिळेल तिथे.

मानसिक आजाराबद्दल विचारणारे रामन राघवचं नाव घेतात. १९६८ मध्ये पकडला गेला, १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने मानसिक आजार मान्य करून ती जन्मठेपेत बदलली. त्याने उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्यांना मारलं. त्याच्या डोक्यातला भ्रमाचा डोलारा फार मोठा होता. पण ते लैंगिक हत्येचं उदाहरण नाही, आणि मुंबई म्हटलं की तोच आठवतो म्हणून त्याला प्रबंधात ओढू नका. भ्रमातून लैंगिक हत्या झाल्याचं मी एकदाच पाहिलंय. बाकीच्यांना आजार नव्हता. व्यसन होतं, कोंडलेपण होतं, ‘मला हे मिळायलाच हवं’ हा हट्ट होता, पण आजार नव्हता.

एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगा. २००६-०७ मध्ये चर्चगेट-मरीन लाइन्स भागात पुरुषांचे खून झाले, शेजारी बिअरची बाटली सापडली म्हणून वर्तमानपत्रांनी ‘बिअर मॅन’ हे नाव दिलं आणि त्याचा हेतू, लैंगिकता, बालपण, सगळं छापून टाकलं. पकडलेल्या माणसाला २००९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कुर्ल्याच्या टर्मिनसवर २०१४ मध्ये उतरलेल्या तरुणीच्या खुनात खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची साखळी तुटलेली आहे म्हणून आरोपीची निर्दोष सुटका केली. मधल्या दहा वर्षांत त्या प्रकरणाचा ‘हेतू’ किती व्याख्यानांत सांगितला गेला असेल! त्यांतलं एक माझं होतं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक निकालाचं अपील कुठवर पोचलंय ते आधी तपासा. सत्र न्यायालयाच्या निकालावर हेतूचा अभ्यास उभारणं म्हणजे वाळूत खांब रोवणं.

माणसांशी थेट बोलायचं असेल तर अपील संपलेल्यांशीच बोला. आर्थर रोड तुरुंगात बहुतेक कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले, कैदी असतात. त्यांच्याशी गुन्ह्याबद्दल बोलणं म्हणजे त्यांना फासात अडकवणं. येरवडा, नाशिक रोड, कळंबा इथे पक्के कैदी भेटतील. परवानगीचा अर्ज पुण्याच्या कारागृह मुख्यालयात जातो, विद्यापीठाच्या नीतिसमितीच्या पत्रासह, आणि त्याला महिने लागतात. तोपर्यंत वाचायला एक नवं साहित्य आहे. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालानंतर फाशीच्या खटल्यांत शिक्षेआधी आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन, बालपण, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवले जातात. अलीकडच्या उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांत त्यांचे लांब उतारे सापडतील. बचावासाठी लिहिलेले असतात, हे ध्यानात ठेवूनच वाचायचे.

आणि एक, बाई म्हणून. ते तुम्हाला ‘ताई’ म्हणतील आणि ताईला सांगण्याजोगी गोष्ट सांगतील. माझ्या पुरुष सहकाऱ्याला त्याच माणसाने ‘वासना’ सांगितली, मला ‘चूक’ सांगितली. दोन्ही नोंदी ठेवा, एकीला खरी मानू नका.

रेकॉर्डर आत नेऊ देत नाहीत. मी बाहेर आल्यावर पहिल्या चहाच्या टपरीवर बसते आणि वही काढते, गाडीत बसायच्या आधी. अर्धा तास उलटला की त्याचं ‘झालं’ आपल्या हाताने ‘केलं’ म्हणून उतरतं, कारण आपल्याला व्याकरण नीट लावायची सवय असते. येरवड्याबाहेरच्या त्या दिवशीच्या पानावर मी आधी ‘मी दाताने सोडली’ असं लिहिलंय आणि मग ‘मी’ खोडलाय. तो म्हणाला नव्हता.